वाढत्या अंगाचं माप

मित्रांनो, शिंप्याच्या गळ्यात लोंबणारी पिवळी पट्टी तुम्ही पाहिली असेल ना, तीच मी. लोक मला टेप म्हणतात. साठ इंच लांबी, दोन्ही टोकांना पितळेची टोपी, एका अंगाला इंच आणि दुसऱ्या अंगाला सेंटीमीटर. आता माझा पिवळा रंग उडाला आहे, सातचा आकडा पुसून गेला आहे आणि एक टोपी ढिली होऊन खुळखुळते. तरी अजून कामावर आहे. माझी गोष्ट ऐकून तुम्हाला मजा वाटेलच असं नाही. मला स्वतःला ती सांगताना लाज वाटते, हे आधीच कबूल करते. पण सांगितल्यावाचून राहवतही नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मेणकापडाची लांबच लांब पट्टी यंत्रातून सरकत यायची, तिच्यावर आकडे उमटायचे आणि साठ इंच झाले की कात्री खाली यायची. शेवटच्या टेबलाशी एक चष्मेवाली बाई बसत असे. तिने मला पोलादी पट्टीला लावलं, डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, "बरोबर." एवढा एकच शब्द. पण तो मी पुढे कित्येक वर्षं मिरवला. कैची धार गमावते, सुई मोडते, मशीन कुरकुरतं. मी मात्र बरोबर! असा माझा तोरा होता.

मला विकत घेतलं ते मास्तरांनी. शिंप्याला सगळे मास्तरच म्हणतात, तसे हे मास्तर. जिन्याखालचं अरुंद दुकान, दोन मशीनं, कापडं बेतायचं उंच टेबल, कोळशाची जाऊन विजेची झालेली इस्त्री आणि भिंतीवर आरसा. दाराशी एका स्टुलावर मास्तरांची बायको बसायची. काजं करणं, बटणं लावणं, फ्रॉकची खालची दुमड हाताने शिवणं हे तिचं काम. गल्ली तिला वहिनी म्हणायची, म्हणून मीही वहिनीच म्हणते.

काय सांगू मित्रांनो, ते दिवस फार मजेचे होते. मापाला उभं राहिलं की भलेभले पोट आत घेतात. एका हवालदाराने तर इतका श्वास रोखला की लालबुंद झाला बिचारा. मास्तर गालातल्या गालात हसायचे, माझ्या आत दोन बोटं सरकवायचे आणि तेवढं सैल धरून माप लिहायचे. पँट नेताना हवालदार खूश. "मास्तर, तुमचा हात म्हणजे हात!" म्हणायचा. मी मनात म्हणायची, हाताचं कौतुक करा, माझं नाव कशाला घ्याल!

लहान मुलांच्या मापाची मात्र मास्तरांची एक रीत होती. ती नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच झालं. मुलांचं अंग वाढतं असतं. आज नेमका बसणारा कपडा सहा महिन्यांत आखूड होतो. म्हणून मास्तर मुलाच्या अंगाला मला लावायचे, आलेल्या आकड्यात एक इंच मिळवायचे आणि मिळवलेला आकडाच वहीत लिहायचे. अंगाचं माप डोक्यात, वाढवलेलं माप वहीत. "वाढत्या अंगाचं माप" म्हणायचे ते त्याला. गिऱ्हाइकांच्या मुलांना त्याने काही बिघडत नसे. पुढच्या वर्षी मूल यायचं, तोवर त्याचं अंग वहीतल्या आकड्यापर्यंत आलेलं असायचं.

लग्नानंतर नऊ वर्षांनी मास्तरांना मुलगी झाली. बटणासारखे गोल डोळे, म्हणून वहिनींनी तिला गुंडी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव राहिलं. बारा दिवसांची असताना मास्तरांनी मला तिच्याभोवती गुंडाळलं. हजारो छात्या मोजलेला माणूस, पण त्या दिवशी आकडा वाचायला तीन वेळा वाकला. वहीचं एक पान त्यांनी फक्त तिच्यासाठी ठेवलं. दर वाढदिवसाला माप, दर वाढदिवसाला नवा फ्रॉक.

गुंडी दुकानातच वाढली. वाढली म्हणते खरी! शब्द तोंडात येताच जीभ चावते. मोठी झाली म्हणू या. बटणं रंगाप्रमाणे वेगळी करायची, चिंध्यांची बाहुली करायची आणि मास्तरांची पाठ वळली की मला पळवायची. स्टूल मोजायची, मांजर मोजायची, वहिनींचं नाक मोजायची. एकदा त्या हवालदाराला तोंडावर म्हणाली, "काका, तुम्ही पोट आत घेतलंत. मी बघितलं." सगळं दुकान हसलं. हवालदार म्हणाला, "मास्तर, ही पोर तुमच्यापेक्षा पक्की आहे."

फार धावत मात्र नसे ती. गल्लीतली मुलं पकडापकडी खेळायची तेव्हा ही पाच पावलं पळायची आणि मटकन उकिडवी बसायची. थोड्या वेळाने उठायची, पुन्हा बसायची. मास्तर दारातून ओरडायचे, "काय गं म्हातारे, दमलीस?" ती हसायची. सगळेच हसायचे. मीही हसत होते, मित्रांनो.

पाचव्या वाढदिवसाला तिची छाती साडेवीस इंच भरली. मास्तरांनी रीतीप्रमाणे साडेएकवीस लिहिले.

सहाव्या वाढदिवसाला मला पुन्हा लावलं. साडेवीस. मास्तरांनी मला काढलं, झटकलं, पुन्हा लावलं. साडेवीसच. वर्षभरात पोर एक सूतही वाढली नव्हती. आमच्या धंद्यात इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात. मास्तर म्हणाले, "ही टेपच सैल पडलीय. जुनी झाली."

आता माझ्या लाजेची गोष्ट सांगते. मी खरंच सैल पडले होते. मास्तर अधूनमधून मलाच दोरी करून कापडाचे गठ्ठे बांधत, सायकलच्या मागे मला ताणून गाठ मारत. त्यात मी पाव इंच लांबले होते, म्हणजे दोन सूत. ताणलेली टेप माप कमी दाखवते. पण दोन सूत कुठे आणि वर्षभराची वाढ कुठे! हे मास्तरांना कळत नव्हतं असं नाही. त्यांना एक निमित्त हवं होतं आणि ते मी झाले. एकदा खोटं ठरलेल्याचं खरंही कुणी ऐकत नाही. चष्मेवालीचं "बरोबर" त्या दिवशी पाण्यात गेलं.

वहीत गेल्या वर्षीचा आकडा होता साडेएकवीस. त्याच्याखाली पुन्हा साडेएकवीस लिहायला मास्तरांचा हात होईना. कुठल्या बापाचा होईल? त्यांनी साडेबावीस लिहिले आणि त्या मापाचा फ्रॉक बेतला. सातव्या वर्षी मी साडेवीस आणि दोन सूत दाखवले. वहीत साडेतेवीस पडले. कागदावरची गुंडी दर वर्षी वाढत होती. फ्रॉकही वाढत होते. फक्त आतली पोर तेवढीच होती.

वहिनींच्या डोळ्यांतून हे सुटलं नाही. त्या म्हणाल्या, "अहो, खांद्यावरून उतरतोय फ्रॉक. ही वाढते आहे ना नीट?"

मास्तरांनी वही पुढे केली. "हे बघ. दर वर्षी एक इंच. वही काय खोटं बोलते? हाडापेराने वाढतेय, अंग तेवढं धरत नाही."

वहिनींना मापाची वही म्हणजे पोथी. मास्तरांनी लिहिलंय म्हणजे खरंच असणार. मग उरलं काय? खाणं. त्या दिवसापासून त्या वाटी-चमचा घेऊन गुंडीच्या मागे लागल्या. गुंडी दोन घास खायची आणि धापा टाकायची. तिसऱ्या घासाला तोंड फिरवायची. मास्तरांच्या थोरल्या बहिणीला, ताईंना, आयतं कोलीत मिळालं. त्या आल्या की पहिलं वाक्य ठरलेलं, "अगं, पोरीला खायला घालतेस की नुसती काजं करत बसतेस?"

आणखी एक सांगायचं राहिलं. सांगायला जड जातंय. गुंडीची नखं निळसर दिसायची. आमच्या टेबलावर खुणा करायचा निळा खडू असतो, तिला तो हाताळायची सवय. मास्तर तिची बोटं फडक्याने पुसायचे आणि म्हणायचे, "किती वेळा सांगितलं, खडूला हात लावू नको म्हणून!" ती म्हणायची, "मी नाही लावला." मास्तर आणखी जोरात पुसायचे. नखं तशीच. ओठाच्या कडेला निळं दिसलं तेव्हा ते वैतागून म्हणाले, "आता खडू खायला लागलीस का?" शिंप्याच्या घरात निळं म्हणजे खडूच. दुसरं काही असू शकतं, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

आठव्या वाढदिवसाला आठ महिने होते, तेव्हा एक खोकला काही केल्या जाईना. मास्तर तिला गल्लीच्या तोंडाशी असलेल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. वहिनी येणार होत्या, पण शाळेच्या गणवेशांची काजं अडली होती. मास्तरांच्या गळ्यात नेहमीप्रमाणे मी होते आणि काखेत वही होती. हो, वही! त्यांनी ती मुद्दाम घेतली होती. डॉक्टरांना दाखवायची हौस!

दवाखान्यात गर्दी मावत नव्हती. गुंडी खोकत होती, रडत होती, छातीवर नळी टेकवू देत नव्हती. डॉक्टरांनी विचारलं, "वाढ कशी आहे? मागची वजनं, उंची काही लिहून ठेवलंय?"

मास्तरांची छाती फुगली. "डॉक्टरसाहेब, जन्मल्यापासूनची मापं आहेत माझ्याकडे." आणि त्यांनी ते पान उघडलं.

डॉक्टरांनी पानावरून बोट फिरवलं. मग जे म्हणाले ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "छान ठेवलंय हो. खरं सांगतो, हिची वाढ थांबलेली असती ना, तर मी आजच हृदय तपासायला पाठवली असती. पण दर वर्षी इंचभर वाढतेय म्हणजे काळजी नाही. अशक्तपणा असेल. खोकल्याचं औषध देतो, टॉनिक देतो. सहा महिन्यांनी आणा परत."

मास्तरांनी तोंड उघडलं. मी त्यांच्या गळ्याभोवती होते, आवंढा वर आलेला मला लागला. आत्ता म्हणतील, आता म्हणतील, साहेब, हे अंगाचं माप नाही. एका वाक्याचं काम होतं. पण एवढ्या लोकांसमोर एवढ्या ऐटीत उघडलेली वही खोटी आहे म्हणायची? आणि डॉक्टर म्हणत होते, काळजी नाही. चांगली बातमी स्वतःच्या हाताने कोण मोडतो? तो आवंढा खाली गेला. मास्तर "बरं साहेब" म्हणाले, वही मिटली आणि गुंडीला कडेवर घेऊन बाहेर आले. सात वर्षांच्या पोरीला कडेवर घेणं त्यांना जड जात नव्हतं, याचंही त्यांना काही वाटलं नाही. डोळ्यांवर कातडं ओढलं की असंच होतं.

दुकानात वहिनी सुई थांबवून वाट बघत होत्या. "काय म्हणाले?"

"अशक्तपणा आहे म्हणाले," मास्तर म्हणाले. "जरा नीट खायला घालत जा तिला."

डॉक्टर खाण्याचं काहीच बोलले नव्हते. ते मास्तरांनी पदरचं घातलं.

सहा महिन्यांनी परत जायचं होतं, पण तेव्हा लगीनसराईची कामं होती. दवाखान्यात जाऊन आल्यावर आठव्या महिन्यात, एका सकाळी, गुंडी दुकानाच्या पायऱ्या चढताना तिसऱ्या पायरीवर बसली आणि तशीच आडवी झाली. मास्तर हातातली कैची टाकून धावले. रिक्षात, मोठ्या रुग्णालयाच्या लांब बोळातून, तपासणीच्या दारापर्यंत मी त्यांच्या गळ्यात तशीच होते. आतल्या नर्सने सांगितलं, "ते गळ्यातलं काढा." तेव्हा कुठे त्यांनी मला खिशात कोंबलं.

गुंडीच्या हृदयात जन्मापासून दोष होता. एका बाजूचं रक्त दुसऱ्या बाजूला जात होतं, म्हणून ती दमायची, म्हणून नखं निळी, म्हणून अंग वाढत नव्हतं. हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. ऑपरेशन करू म्हणाल्या, पण फार उशीर झालाय, आशा कमी ठेवा म्हणाल्या. मास्तरांनी विचारलं, "आधी आणली असती तर?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "सहा-आठ महिने आधी आणली असती, तरी खूप फरक पडला असता."

तेव्हा वहिनी खाली औषधं आणायला गेल्या होत्या. हे वाक्य एकट्या मास्तरांनी ऐकलं. आणि मी, खिशातून.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दुपारी, गुंडी कॉटवर बसली होती. म्हणाली, "बाबा, वाढदिवस आला ना. माप घ्या ना फ्रॉकचं."

मास्तरांनी मला बाहेर काढलं. नळ्या सांभाळत तिच्याभोवती फिरवलं. साडेवीस.

"किती?"

"साडेचोवीस," मास्तर म्हणाले.

"म्हणजे इंचभर वाढले!" तिने लगेच हिशेब केला आणि आईकडे बघून हात वर केले.

मास्तरांची बाकीची खोटी मापं मला आजही बोचतात. पण हे एक खोटं मी पोटात घातलं.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी गुंडी गेली.

मित्रांनो, त्या घरात पुढे काय झालं ते मी फार लांबवणार नाही. लोक भेटायला आले, बसले, गेले. ताई आल्या आणि रडता रडता म्हणाल्या, "पोर वाळत गेली गं डोळ्यांदेखत. पोटात काही गेलं असतं तर लढली असती." वहिनी खाली मान घालून म्हणाल्या, "माझंच चुकलं ताई." मास्तर शेजारी बसले होते, मूग गिळून. मला वाटलं, आज नाही, पण उद्या बोलतील. उद्याचा परवा झाला. परवाची सहा वर्षं झाली.

सहा वर्षांत वहिनींनी काजं करणं सोडलं नाही, पण बोलणं सोडलं. जेवायच्या वेळी डबा उघडायच्या, दोन घास खायच्या आणि झाकण लावायच्या. वर्षातून दोनदा मास्तर त्यांचा ब्लाउज शिवायचे, तेव्हा मी त्यांच्या अंगाला लागायची. लग्नात छत्तीस होत्या त्या. चौतीस झाल्या. तेहेतीस झाल्या. बत्तीस झाल्या. मास्तर आकडा बघायचे, ओठ आवळायचे आणि जुने ब्लाउज गुपचूप बाजूने आत घेऊन द्यायचे. पुन्हा तेच! मापाने सांगितलं आणि मास्तरांनी ऐकून कानामागे टाकलं. पुरुषमाणसाला एवढी लाज वाटावी की त्या लाजेखाली बायको झिजून जावी? मी असते तर, असं म्हणणार होते. पण मी होतेच की तिथे. मीच तर होते.

मग गेल्या वर्षी एका दुपारी ताई आपल्या पाच वर्षांच्या नातीला घेऊन दुकानात आल्या. फ्रॉक शिवायचा होता. पोर मोठी गोड, सारखी बडबडणारी. वहिनींनी कितीतरी दिवसांनी हसून तिला जवळ घेतलं आणि डब्यातलं बिस्किट काढून तिच्या तोंडाशी नेलं.

ताई पटकन म्हणाल्या, "राहू दे गं. तू नको भरवूस. तुझ्या हाताला यश नाही."

वहिनींनी बिस्किट परत डब्यात ठेवलं. रागावल्या नाहीत. "हो ताई," म्हणाल्या, "खरंय."

मी तेव्हा त्या नातीच्या छातीभोवती होते आणि माझी दोन्ही टोकं मास्तरांच्या चिमटीत होती. ती चिमूट सुटली. मी सरळ जमिनीवर पडले.

"तिच्या हाताचा दोष नाही," मास्तर म्हणाले.

"जाऊ दे रे, मी आपलं सहज बोलले," ताई म्हणाल्या.

"सहज नाही. सहा वर्षं बोलतेयस आणि मी ऐकतोय." "पाचव्या वाढदिवसाला साडेवीस. सहाव्याला साडेवीस. सातव्याला साडेवीस दोन सूत. रुग्णालयात कॉटवर, साडेवीस. ही गुंडीची खरी मापं. वहीत लिहिलीत ती माझी. वाढ थांबली असती तर आजच हृदय तपासायला पाठवलं असतं, असं डॉक्टर म्हणाले होते मला. तोंडावर. आणि मी वही मिटली."

इस्त्री टेबलावर तापत होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ताईंनी नातीचा हात धरला आणि बाहेर पडल्या.

वहिनी स्टुलावरून उठल्या नाहीत. तिथूनच म्हणाल्या, "मला म्हणालात, नीट खायला घाल."

"हो."

"ते डॉक्टर म्हणाले होते?"

"नाही. मी म्हणालो."

"सहा वर्षं मी एकेक घास आठवत बसलेय हो. सकाळचा सोडला तो, रात्रीचा सांडला तो. जेवायला बसले की वाटतं, हा तिच्या तोंडचा." त्यांनी सुई कापडाला टोचून ठेवली. "आणि तुम्ही समोर बसून जेवत होतात."

मास्तरांनी हात जोडले. वहिनींनी ते पाहिलेही नाहीत. चपला घातल्या आणि घरी गेल्या. मला कुणी उचललं नाही. मी दोन दिवस टेबलाखाली चिंध्यांत पडून होते आणि मला तीच जागा योग्य वाटत होती.

वहिनी पाच दिवस दुकानात आल्या नाहीत. मास्तर यायचे, शटर अर्धं उघडायचे, मशीनपुढे बसून राहायचे. हवालदार पँट न्यायला आला, त्यालाही "उद्या या" म्हणाले. वहिनी आता कधीच येणार नाहीत असं त्यांनी धरलं असावं, कारण त्यांनी वहिनींचं स्टूल पुसून आत ठेवलं.

सहाव्या दिवशी वहिनी आल्या. पिशवी टेबलावर ठेवली आणि आरशासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"माझं माप घ्या," म्हणाल्या. "आणि येईल ते मोठ्याने म्हणा."

मास्तरांनी मला लावलं. "एकतीस."

"लग्नात किती होतं?"

"छत्तीस."

"दिसत होतं तुम्हाला?"

मास्तरांनी आरशात पाहिलं नाही. "दर वेळी," म्हणाले.

"लिहा."

मास्तरांनी वही काढली, नवं पान उघडलं आणि एकतीस लिहिलं. वहिनींनी वाकून ते वाचलं. मग आतून स्टूल ओढून आणलं, नेहमीच्या जागी दाराशी ठेवलं आणि डबा उघडला. हळूहळू, दर घासाला थांबत, पण पूर्ण डबा संपवला. मास्तरांना बसा म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. मास्तर टेबलाशी उभेच होते. क्षमा झाली की नाही ते मला माहीत नाही. मागच्या महिन्यात वहिनी साडेतेहेतीस भरल्या, एवढं मला माहीत आहे.

मित्रांनो, मला जपा, माझी घडी घाला, असं मी सांगणार नाही. मी फाटले तर दुसरी आणा. माझं मागणं वेगळं आहे. तुम्ही खेळताना फार दमत असाल, छातीत काही होत असेल, तर घरात सांगा. मोठी माणसं हसली तर पुन्हा सांगा. ती रागावली तर शाळेत बाईंना सांगा, डॉक्टरांना स्वतःच्या तोंडाने सांगा. मोठ्यांना कधीकधी खरं ऐकण्याची फार भीती वाटते, आणि त्या भीतीपायी ती तुमच्यावरच ओरडतात. तुम्ही गप्प बसू नका.

हे मी का सांगते, तेही सांगून टाकते. ही एक गोष्ट मी आतापर्यंत लपवली, मास्तरांसारखीच. सहाव्या वाढदिवसाच्या मापाला गुंडी म्हणाली होती, "बाबा, पळलं की इथे खूप धडधडतं." तेव्हा मी तिच्या छातीवर होते. ती धडधड मला पट्टीभर लागत होती. मास्तर म्हणाले, "नाटकं नकोत, नीट उभी राहा." आणि ती नीट उभी राहिली. नंतर तिने पुन्हा कधी सांगितलं नाही.